मॉरिशसमधल्या न्यायाधीशाला घरी कोण पाठवू शकतं?

शिरस्तेदार (धागाकर्ता)

न्यायालयाच्या स्वातंत्र्याची चर्चा निघाली की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो तो नेमणुकीचा. न्यायाधीश नेमतो कोण? माझी सगळी नोकरी जिल्हा न्यायालयात गेली. त्यातून झालेलं माझं मत असं की त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा. न्यायाधीशाला काढतो कोण, आणि काढणं किती सोपं आहे? नेमताना एखादा माणूस सरकारच्या जवळचा असेलही, पण उद्या आपल्याला कोणी हात लावू शकत नाही हे त्याला कळलं की तो बदलू शकतो. उलट बाजूनं, उत्तम माणूस नेमला आणि त्याची खुर्ची हलवणं सोपं असलं, तर त्याच्या उत्तमपणाला फार काळ वाव मिळत नाही.

हे छोट्या देशांत फार ठळक दिसतं. म्हणून मॉरिशसबद्दल लिहितोय. साडेबारा लाखांच्या आसपास वस्ती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान जिल्ह्याएवढी. वकील, मंत्री, न्यायाधीश, संपादक हे सगळे एकमेकांना ओळखतात. बरेचसे एकाच दोन-तीन शाळांतून शिकलेले, एकमेकांच्या लग्नाकार्यांना गेलेले. अशा ठिकाणी दबाव आणायला चिठ्ठी पाठवावी लागत नाही.

१९६८ साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हाच्या राज्यघटनेनं यावर जो उपाय केला तो मला विलक्षण वाटतो. सरन्यायाधीशांची नेमणूक आता राष्ट्राध्यक्ष करतात, पंतप्रधानांशी सल्लामसलत करून. बाकीच्या न्यायाधीशांसाठी न्यायिक व विधी सेवा आयोग आहे आणि त्याचे अध्यक्ष खुद्द सरन्यायाधीश. इथपर्यंत फार वेगळं काही नाही. काढायची वेळ आली की मात्र रस्ता लांबचा आहे. गैरवर्तन किंवा असमर्थता एवढीच कारणं चालतात. आधी राष्ट्रकुल देशांतल्या उच्च न्यायिक पदांवरच्या आजी-माजी व्यक्तींचं न्यायाधिकरण नेमायचं. त्यांनी शिफारस केली तर प्रश्न लंडनला, प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीकडे जातो, म्हणजे साम्राज्याच्या काळापासून वसाहतींची शेवटची अपिलं ऐकणाऱ्या न्यायासनाकडे. त्या समितीनं ‘काढा’ असा सल्ला दिला तरच न्यायाधीश जातो. पंतप्रधानाच्या हातात ते नाही आणि संसदेच्या मतदानातही नाही.

याच समितीकडे मॉरिशसची शेवटची अपिलंही जातात, आजही. १९९२ साली देश प्रजासत्ताक झाला, राणीच्या जागी राष्ट्राध्यक्ष आले, पण शेवटचं न्यायालय लंडनलाच राहिलं.

हे बरोबर आहे का, यावर इथल्या जाणकारांनी लिहावं. मॉरिशसमध्ये राहणारे कोणी वाचत असतील तर त्यांनी नक्की.

निर्मला_सातारा

वाचतेय. पण एक समजलं नाही. स्वतंत्र झालेल्या देशानं शेवटचा निवाडा जुन्या मालकाकडे का ठेवावा? आपण तर १९४९ मध्येच प्रिव्ही कौन्सिलचा अधिकार संपवला, घटना लागू होण्याच्याही आधी.

शिरस्तेदार

निर्मलाताई, आपल्याकडे पर्याय होता. फेडरल कोर्ट होतं, मुंबई-मद्रास-कलकत्त्याची शंभरी गाठत आलेली हायकोर्टं होती, हजारो वकील होते. मॉरिशसकडे एकच सुप्रीम कोर्ट. त्याच्या एका न्यायाधीशाच्या निकालावर अपील झालं तर ते त्याच कोर्टातले दुसरे दोन-तीन न्यायाधीश ऐकतात. उद्या त्यांच्या निकालावर हाच बसू शकतो. यात कोणाची नियत वाईट आहे असं नाही, पण रोज एकत्र चहा घेणाऱ्या माणसांनी एकमेकांचे निकाल फिरवायचे हे अवघड काम आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लॉर्ड मॅके यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं स्वतंत्र अपील न्यायालय काढा अशी शिफारस केली होती. ते झालं नाही.

आणि प्रिव्ही कौन्सिल म्हटलं की प्रत्येक वेळी मालकाचं दार एवढंच आठवायची गरज नाही. ताईमहाराजांचं दत्तक प्रकरण आठवा. बाबामहाराजांच्या इस्टेटीचे विश्वस्त म्हणून लोकमान्य वर्षानुवर्षं लढले, मुंबई हायकोर्टात निकाल विरुद्ध गेला, आणि १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं तो फिरवला. ज्या सरकारनं त्यांना मंडालेला धाडलं त्याच साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायासनानं. इथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आणि पुण्यातल्या गटबाजीच्या वातावरणापासून ती माणसं लांब होती, याचा त्यात काही वाटा असावा असं मला वाटतं.

प्रतिवाद

शिरस्तेदार, लोकमान्यांचं उदाहरण अर्धं आहे. १९०८ च्या राजद्रोहाच्या शिक्षेविरुद्ध त्यांनी याच प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागायचा प्रयत्न केला, तेव्हा अपिलाची परवानगीसुद्धा मिळाली नाही. दत्तकाचा वाद असला की लांबचं न्यायासन निष्पक्ष. साम्राज्याचा प्रश्न आला की दार बंद.

मॉरिशसच्या बाबतीत तर हे फार उघड आहे. चागोस बेटांचं काय? स्वातंत्र्याच्या तीन वर्षं आधी, १९६५ मध्ये ब्रिटननं ती बेटं मॉरिशसपासून तोडली आणि पुढे दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ झाला. १९६८ ते १९७३ या काळात तिथल्या लोकांना बेटांवरून हलवलं. त्यांतले अनेक मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईच्या वस्त्यांमध्ये हलाखीत राहिले. त्यांच्यातल्या ऑलिव्हिए बांकूल यांनी लंडनच्या कोर्टात खटला भरला, २०००मध्ये जिंकले, आणि २००८मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायासनासमोर, ३ विरुद्ध २ अशा मतांनी हरले. प्रिव्ही कौन्सिलमध्ये बसणारे न्यायाधीश आणि हाउस ऑफ लॉर्ड्सचे कायदे-लॉर्ड ही त्या काळी बहुतांशी एकच माणसं होती. २०१९मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं सांगितलं की बेटं तोडणं बेकायदा होतं. म्हणजे न्याय मिळाला तो हेगला, लंडनला नाही.

ज्या देशाशी तुमचा भूभागाचा वाद आहे त्याच देशाच्या न्यायाधीशांना तुमच्या न्यायव्यवस्थेचा शेवटचा शब्द द्यायचा? मला हे पटूच शकत नाही.

मांडवीकाठ

पणजीला वकिली करतो म्हणून दोन गोष्टी.

गोव्यात १९६१पर्यंत आमच्याकडेही हेच होतं. इथली रेलासांव, म्हणजे गोव्याचं वरिष्ठ न्यायालय, तिच्यावर लिस्बनचं सर्वोच्च न्यायाधिकरण. पण लिस्बननं गोव्यातल्या माणसाला राज्यकर्त्यांविरुद्ध आसरा दिला असं म्हणायला धजावणार नाही. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात लिस्बनमध्येच न्यायव्यवस्था राजकीय खटल्यांत मोकळी नव्हती. त्यामुळे ‘लांबचं म्हणून निष्पक्ष’ हा नियम होऊ शकत नाही. ते लांबचं कोर्ट स्वतः मोकळं आहे का, हे आधी बघावं लागतं. लंडनचं आहे, असं माझं मत.

दुसरी गोष्ट मॉरिशस आणि गोवा यांच्यातल्या साम्याची, जी इथे फारशी कोणाला माहीत नसते. १८१०मध्ये इंग्रजांनी फ्रेंचांकडून बेट घेतलं तेव्हा शरणागतीच्या अटींत रहिवाशांचे कायदे आणि रूढी राखायचं कबूल केलं. त्यामुळे तिथे आजही मालमत्ता, करार, वारसा या बाबतींत फ्रेंच वळणाची नागरी संहिता आहे. फौजदारी प्रक्रिया, पुरावा, राज्यघटना हे इंग्रजी वळणाचं. आमच्याकडे १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता अशीच टिकून राहिली. मुलांना वारशातून पूर्ण डावलता येत नाही, हे दोन्हीकडे आहे. आता विचार करा, लंडनमध्ये बसलेले पाच इंग्रज-स्कॉटिश न्यायाधीश फ्रेंच संहितेच्या कलमाचा अर्थ लावतात, त्यासाठी पॅरिसच्या न्यायालयाचे निवाडे आणि फ्रेंच भाष्यकार वाचतात. निकालपत्रं वाचली तर ते हे काम किती नम्रपणे करतात ते दिसतं. स्थानिक न्यायाधीशांच्या मताला ते खूप मान देतात. पण हे काम मुळात त्यांचं असावं का, हा प्रश्न मलाही पडतो.

कास्कावेलकर

नमस्कार. मी मॉरिशसचा. पश्चिमेकडच्या कास्कावेल गावातला, आता काम पोर्ट लुईला. माझं मराठी शाळेतलं आणि आजीकडचं आहे, सांभाळून घ्या. आमचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकणातून ऊसाच्या मळ्यांवर आले. घरात आम्ही क्रेओल बोलतो. गणेश चतुर्थीला इथे सार्वजनिक सुट्टी असते, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असेल.

मला एक खटला सांगायचा आहे कारण त्यात आमची मराठी होती.

इथे प्राथमिक शाळेच्या शेवटी सीपीईची, म्हणजे प्राथमिक शिक्षण प्रमाणपत्राची परीक्षा असायची. त्यातल्या क्रमांकावर ठरायचं की मुलगा रॉयल कॉलेजसारख्या मोठ्या शाळेत जाणार की नाही. घरोघर त्या क्रमांकाचा धसका असे. इंग्रजी, फ्रेंच, गणित हे विषय मोजायचे. हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी या भाषा शिकवायचे, पण क्रमांकात धरायचे नाहीत. सरकारनं ठरवलं की या भाषांचे गुणही धरायचे. आमच्या लोकांना आनंद झाला. ज्यांची मुलं या भाषा शिकत नव्हती असे पालक, त्यांत बरेच क्रेओल समाजाचे, कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं होतं की आमच्या मुलांना तयारीला वेळच दिला नाही, हा भेदभाव आहे. सुप्रीम कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला.

तेव्हाचे पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ यांनी कोर्टाचा निकाल ओलांडण्यासाठी घटनादुरुस्ती आणली. तीन चतुर्थांश मतं लागत होती, ती मिळाली नाहीत. त्यांनी संसद विसर्जित केली. डिसेंबर १९९५च्या निवडणुकीत मुख्य बेटावरच्या ६०च्या ६० जागा विरोधकांना गेल्या. जगन्नाथ स्वतःसुद्धा पडले.

आणि मग १९९८मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं सुप्रीम कोर्टाचा निकाल फिरवला. त्यांनी म्हटलं की समान वागणूक हे चांगल्या कारभाराचं तत्त्व आहे, पण प्रत्येक असमानता कोर्टानं तपासावी असं आमच्या घटनेत लिहिलेलं नाही, असे प्रश्न बहुतेक वेळा लोकप्रतिनिधींनी सोडवायचे. म्हणजे कायद्याच्या मुद्द्यावर सरकार बरोबर ठरलं. पण तोवर ते सरकार नव्हतंच.

माझे वडील मराठीचे शिक्षक होते. त्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाचा त्यांना फार राग होता. तरी ते सांगायचे की घटनादुरुस्ती हरली ते बरं झालं, कारण आज निकाल आमच्या भाषेविरुद्ध म्हणून घटना बदलली तर उद्या दुसरा कोणी आमच्या भाषेविरुद्ध घटना बदलेल, आणि आम्ही तर शंभरातले दोनही नाही. मोठ्या समाजांना बहुमत वाचवतं. आमच्यासारख्यांना कोर्टच लागतं. म्हणून मला हा विषय कागदी वाटत नाही.

निर्मला_सातारा

कास्कावेलकर, तुमचं मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ आहे. वडिलांचं म्हणणं वाचून अंगावर काटा आला. हा खटला मला अजिबात माहीत नव्हता.

टेम्सवरून

लंडनमध्ये राहते. प्रिव्ही कौन्सिलची सुनावणी कोणालाही बघता येते, पार्लमेंट स्क्वेअरला ब्रिटनचं सुप्रीम कोर्ट आहे त्याच इमारतीत. संकेतस्थळावर थेट प्रक्षेपणही असतं. मॉरिशसचे वकील, त्रिनिदादचे वकील, जमेकाचे वकील. न्यायाधीश झगे घालत नाहीत, साध्या कपड्यांत बसतात.

प्रतिवाद यांच्या मुद्द्याचं वजन मला मान्य आहे. पण कॅरिबियन देशांचा अनुभव बघा. २००५मध्ये त्यांनी स्वतःचं कॅरिबियन न्यायालय काढलं, ठाणं पोर्ट ऑफ स्पेनला. बार्बाडोस, गयाना, मग बेलीझ, डॉमिनिका, अलीकडे सेंट लुसिया यांनी शेवटचं अपील तिकडे नेलं. पण अँटिग्वा आणि ग्रेनाडामध्ये २०१८ साली याच प्रश्नावर सार्वमत झालं आणि दोन्हीकडे लोकांनी नकार दिला. त्यांना साम्राज्याचं प्रेम होतं म्हणून नाही. आपल्याच राजकारण्यांनी उभारलेल्या न्यायालयावर विश्वास ठेवायला ते तयार नव्हते. ज्या त्रिनिदादमध्ये ते न्यायालय बसतं, त्या त्रिनिदादनंही अपील अजून लंडनलाच ठेवलंय.

खर्चाचा मुद्दा मात्र कोणी मांडला नाही. लंडनला खटला नेणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं आहे का?

कास्कावेलकर

नाही. कागदावर सोपं आहे. घटनेत लिहिलंय की दिवाणी वादाची किंमत १०,००० मॉरिशियन रुपये किंवा जास्त असली तर अपिलाचा हक्क आहे. ही रक्कम आज फार लहान आहे. पण लंडनच्या वकिलांचं शुल्क, प्रवास, कागदपत्रं! कोर्टाची भाषा इंग्रजी, साक्षीदार क्रेओलमध्ये बोलतो, दुभाषा मध्ये. तेच दप्तर पुढे लंडनला. त्यामुळे बँका, साखर कंपन्या, मोठे व्यापारी जातात. मळ्यावरच्या कामगाराचा खटला क्वचित. २००८मध्ये प्रिव्ही कौन्सिल पहिल्यांदा स्वतः मॉरिशसला येऊन बसलं, तेव्हा लोकांना खूप अप्रूप वाटलं होतं.

समुद्रफेन

मालेमध्ये नोकरीला होतो. मालदीव मॉरिशसपेक्षाही लहान, तिथे शेवटचा शब्द देशातच आहे. काय झालं ते सांगतो, म्हणजे शिरस्तेदारांच्या ‘काढतो कोण’ या प्रश्नाला उत्तर मिळेल.

२००८च्या घटनेनं पहिल्यांदा सुप्रीम कोर्ट आलं. जुन्या राजवटीतले न्यायाधीश दोन वर्षांत तपासून मग कायम करायचे होते. २०१०मध्ये जवळजवळ सगळे तसेच कायम झाले. न्यायिक सेवा आयोगाच्या सदस्य ऐशाथ वेलेझिनी यांनी याविरुद्ध आवाज उठवला. २०११मध्ये त्यांच्यावर भर रस्त्यात चाकूहल्ला झाला. जानेवारी २०१२मध्ये राष्ट्राध्यक्ष नशीद यांनी फौजदारी न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशाला लष्कराकरवी अटक करवली. त्या न्यायाधीशाबद्दल तक्रारी असतील, पण अटक हा मार्ग नव्हता. त्यावरून निदर्शनं पेटली आणि फेब्रुवारीत नशीदच गेले. २०१५मध्ये त्याच अटकेसाठी त्यांना दहशतवादाच्या कायद्याखाली १३ वर्षांची शिक्षा झाली.

डिसेंबर २०१४मध्ये संसदेनं सुप्रीम कोर्टातल्या जागा सातवरून पाच केल्या आणि सरन्यायाधीशांसह दोघांना घरी पाठवलं. मग १ फेब्रुवारी २०१८. कोर्टानं विरोधी नेत्यांना सोडायचा आदेश दिला. चार दिवसांनी आणीबाणी. सरन्यायाधीश अब्दुल्ला सईद आणि न्यायमूर्ती अली हमीद यांना कोर्टातूनच उचललं. उरलेल्या तिघांनी दुसऱ्या दिवशी तो आदेश मागे घेतला.

२०१८ला सरकार बदललं, २०१९मध्ये पहिल्यांदा दोन महिला सुप्रीम कोर्टात आल्या, वाटलं आता सुधारेल. फेब्रुवारी २०२५मध्ये पक्षांतराविषयीच्या घटनादुरुस्तीवर सुनावणी सुरू व्हायच्या तोंडावर आयोगानं तीन न्यायाधीशांना निलंबित केलं. त्याच सुमारास संसदेनं पुन्हा जागा सातवरून पाच केल्या.

पक्ष बदलले, राष्ट्राध्यक्ष बदलले, युक्ती तीच राहिली. न्यायाधीशाला हात लावायला आयोगाची साथ आणि संसदेतलं मतदान पुरतं, त्यामुळे प्रत्येक नव्या सरकारला मोह होतो.

प्रतिवाद

समुद्रफेन, माहितीबद्दल आभार. पण यावरून परदेशी न्यायालय हाच उपाय असं होत नाही. नाउरू बघा. दहा-बारा हजारांचा देश. १९७६च्या करारानुसार त्यांची शेवटची अपिलं ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टात जायची. सरन्यायाधीशही ऑस्ट्रेलियन. जानेवारी २०१४मध्ये सरकारनं दंडाधिकाऱ्याला देशाबाहेर घालवलं आणि सरन्यायाधीश जेफ्री ईम्स ऑस्ट्रेलियात असताना त्यांचा व्हिसाच रद्द केला. २०१८मध्ये करारही संपवला, तोही संसदेबाहेर निदर्शनं केलेल्या विरोधकांचा खटला चालू असताना. लोकांना कळेपर्यंत अपिलाची वाट बंद झालेली होती. परदेशी न्यायाधीश म्हणजे व्हिसावर आलेला पाहुणा.

शिरस्तेदार

प्रतिवाद, तुमच्या या उदाहरणानं माझाच मुद्दा पुढे जातो. नाउरूत ती वाट एका करारात होती. करार म्हणजे सरकारनं नोटीस दिली की संपला. मॉरिशसमध्ये ती घटनेत आहे, तीन चतुर्थांशाच्या कुलपात. वाट लंडनला जाते की आणखी कुठे यापेक्षा ती बंद करायला किती हात लागतात हे महत्त्वाचं.

मात्र तीन चतुर्थांशाच्या कुलपावरही मी फार विसंबणार नाही. कास्कावेलकरांनी १९९५चे ६०पैकी ६० सांगितले. तसंच १९८२मध्ये झालं होतं आणि नोव्हेंबर २०२४मध्ये पुन्हा झालं. म्हणजे त्या देशात निदान तीनदा असं सरकार आलं ज्याला घटना बदलायला कोणाला विचारायची गरज नव्हती. आपल्याकडे ज्याची कल्पना करवत नाही ते तिथे निवडणुकीच्या पद्धतीमुळे घडतं.

इथे खोयरट्टी खटला फार मोलाचा. अमली पदार्थांच्या काही गुन्ह्यांत आरोपीला न्यायाधीशानं जामीन देऊच नये, अशी तरतूद संसदेनं घटनेतच घातली होती. बहुमत होतं, रीतसर झालं होतं. २००६मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, सुप्रीम कोर्टाचाच निर्णय कायम करत, ती रद्द ठरवली. कारण घटनेचं पहिलं कलम म्हणतं की मॉरिशस हे लोकशाही राज्य असेल. आणि ते कलम बदलायला तीन चतुर्थांश पुरत नाहीत. आधी सार्वमतात एकूण मतदारांपैकी तीन चतुर्थांश, मग संसदेत एकमत लागतं. जामीन द्यायचा की नाही हे न्यायाधीशाच्या हातून काढून घेणं म्हणजे सत्तेची विभागणी मोडणं, पर्यायानं लोकशाही मोडणं, तेव्हा ते असं मागच्या दारानं करता येणार नाही. घटनेचा मूळ गाभा संसदेलाही बदलता येत नाही हे सांगणारा आपला केशवानंद भारती खटला शिकलेल्यांना यात ओळखीचं काही दिसेल.

रिमांडच्या कामाला मी बसत असे. जामिनाचा अर्ज म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. बाहेर आई उभी असते, आत पोरगा, आणि न्यायाधीश कागद वाचून ठरवतो. ते ठरवणंच कायद्यानं काढून घेतलं तर त्या खुर्चीत माणूस कशाला हवा?

रानवारा

मग आपल्या कॉलेजियमचं काय? तिथे तर न्यायाधीशच न्यायाधीश नेमतात. आणि १९७३मध्ये तिघांना डावलून सरन्यायाधीश नेमले होते तेव्हा कोणतं कुलूप आडवं आलं?

शिरस्तेदार

रानवारा, १९७३चं तुमचं म्हणणं अगदी खरं. शेलट, हेगडे, ग्रोव्हर यांना डावललं, १९७७मध्ये खन्नांना. पण भारतावर स्वतंत्र धागा काढा, मी येईन. इथे मॉरिशसवरच राहू, नाहीतर कास्कावेलकरांना बोलायला जागा उरणार नाही.

मांडवीकाठ

एक मुद्दा राहून जातोय. न्यायाधीश कितीही मोकळा असला तरी खटला त्याच्यासमोर यायला हवा. फौजदारीत तो आणतो कोण? मॉरिशसमध्ये त्यासाठी घटनेचं कलम ७२ आहे. डायरेक्टर ऑफ पब्लिक प्रॉसिक्यूशन्स, तिकडे सगळे डीपीपी म्हणतात. नेमणूक न्यायिक आयोगाकडून, खटला चालवायचा की मागे घ्यायचा हा निर्णय त्याचा एकट्याचा, मंत्र्याचा नाही. आपल्या सरकारी वकिलांना असलं संरक्षण असतं तर कितीतरी खटल्यांचा प्रवास वेगळा झाला असता.

कास्कावेलकर

हो, आणि त्याची खरी परीक्षा झाली आहे. मेडपॉइंट प्रकरण. सरकारनं एक खासगी दवाखाना विकत घेतला, त्यात तेव्हाचे अर्थमंत्री प्रविंद जगन्नाथ यांच्या बहिणीचे शेअर होते. पैशाच्या तरतुदीवर त्यांची सही. २०१५मध्ये इंटरमीडिएट कोर्टानं त्यांना दोषी धरलं, २०१६मध्ये सुप्रीम कोर्टानं सोडलं. डीपीपीनं प्रिव्ही कौन्सिलला अपील केलं. मधल्या काळात जगन्नाथ पंतप्रधान झाले. म्हणजे देशाचाच अभियोक्ता देशाच्या विद्यमान पंतप्रधानाविरुद्ध लंडनला उभा! फेब्रुवारी २०१९मध्ये अपील फेटाळलं गेलं, पंतप्रधान सुटले. निकाल काही असो, अपील होऊ शकलं हे मला मोठं वाटतं.

हे प्रकरण मिटलेलं नसताना, डिसेंबर २०१६मध्ये सरकारनं प्रॉसिक्यूशन कमिशनचं विधेयक आणलं होतं. डीपीपीच्या निर्णयांवर एक आयोग बसणार होता. आघाडीतला पीएमएसडी पक्ष याच कारणानं सरकारमधून बाहेर पडला, त्यांचे नेते झाविए-ल्यूक द्युव्हाल उपपंतप्रधानपद सोडून गेले. तीन चतुर्थांश राहिले नाहीत, विधेयक बारगळलं. सत्ता सोडून बाहेर पडणारा पक्ष आम्ही रोज बघत नाही.

पण डिसेंबर २०२३मध्ये फायनान्शियल क्राइम्स कमिशनचा कायदा साध्या बहुमतानं झाला. आर्थिक गुन्ह्यांत खटला दाखल करायचा अधिकार त्या आयोगाला. म्हणजे कलम ७२ला हात न लावता डीपीपीच्या कामाचा एक मोठा तुकडा बाजूला काढला, असं तेव्हाच्या विरोधकांचं आणि बऱ्याच वकिलांचं म्हणणं होतं. माझंही तेच.

टेम्सवरून

आणि पोर्ट लुईची नवी कोर्ट इमारत? ती भारताच्या मदतीनं बांधली ना? जुलै २०२०मध्ये दोन्ही पंतप्रधानांनी दूरदृश्य पद्धतीनं उद्घाटन केलेलं आठवतंय.

कास्कावेलकर

हो, दहा मजली. जुनी इमारत अपुरी पडत होती, खटल्यांचे गठ्ठे जिन्यात असायचे. इमारतीबद्दल भारताचे आभार. शेवटचा निकाल मात्र अजून लंडनहून येतो.

प्रतिवाद यांना मी एवढंच सांगेन. लंडनकडे बघताना आमच्या मनातही चागोस असतो. माझ्या कचेरीत एक बाई आहेत, त्यांचे आईवडील तिथले. त्यांच्यासमोर ‘लंडन निष्पक्ष आहे’ असं मी म्हणू शकत नाही. पण कर, जमीन, निवडणूक, जामीन या भांडणांत लंडनच्या न्यायाधीशांना आमच्या कोणाच्याच घराण्याशी देणंघेणं नसतं, आणि इथे घराणीच राज्य करतात. रामगुलाम, जगन्नाथ, द्युव्हाल, नावं तीच. माझं मत असं आहे की आधी मॅके आयोगानं सांगितलेलं वेगळं अपील न्यायालय आम्ही उभं करावं. त्यात बाहेरच्या राष्ट्रकुल देशांतले एक-दोन न्यायाधीशही बसवावेत. ते दहा-पंधरा वर्षं चालू द्यावं. मग लंडनचं दार बंद करायचं की नाही ते सार्वमतानं ठरवावं. क्रम उलटा नको.

प्रतिवाद

हा क्रम मला मान्य आहे. दहा-पंधरा वर्षं जास्त वाटतात, पण बाहेरचे न्यायाधीश आणि सार्वमत या दोन अटींसकट मी तुमच्या बाजूनं. एकच भर घाला. त्या नव्या न्यायालयातल्या न्यायाधीशाला काढायची पद्धत आजच्याइतकीच अवघड असली पाहिजे, आणि तिथलं न्यायाधिकरण देशाबाहेरचं असलं पाहिजे. नाहीतर मालदीव होईल.

शिरस्तेदार

मग आता नजर ठेवायला दोन गोष्टी. नोव्हेंबर २०२४मध्ये आलेल्या सरकारला ६० जागा मिळाल्या. ते २०२३च्या त्या आयोगाच्या कायद्याचं काय करतात, आणि स्वतंत्र अपील न्यायालयाचा विषय काढतात का. कास्कावेलकर, संसदेत यातलं काही आलं तर इथेच कळवा. विधेयकाचा मसुदा मिळाला तर न्यायाधीशांच्या बडतर्फीचं कलम तेवढं आधी टंकून टाका, बाकीचं सावकाश वाचू.